जुन्या नगरचे मोहल्ले आणि त्यांचे पाणी

नगरच्या जुन्या वस्तीत कोणालाही पत्ता विचारा, उत्तरात ‘खुंट’ हा शब्द हमखास येतो. तेलीखुंट, नालबंदखुंट, पारशाखुंट, रामचंद्रखुंट. चार गल्ल्या जिथे येऊन मिळतात तो खुंट. इतर गावांत ज्याला नाका किंवा चौक म्हणतात, त्याला नगरकर खुंट म्हणतात. खुंटावरून आत शिरले की घासगल्ली, मोचीगल्ली, बेलदार गल्ली, पटवेकर गल्ली, हातमपुरा, सर्जेपुरा, तोफखाना, झेंडीगेट, मंगलगेट, कोठला अशी नावे लागत जातात. नालबंद घोड्यांना नाल ठोकीत, बेलदार दगड फोडीत आणि घडवीत, पटवेकर रेशमाचे दोरे आणि गोंडे करीत. हाती नकाशा नसला तरी शहर कसे वसले आणि कोण काय करून पोट भरत होते, हे या नावांवरून बरेचसे कळते.

शासनदरबारी २०२४ पासून शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. याच जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे हे नाव. ‘नगर’ हा शब्द जुन्या नावात होता आणि नव्यातही आहे. लोकांच्या तोंडी तोच बसला आहे आणि या लेखात आम्हीही तोच वापरणार आहोत. नावाविषयी दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलून झाले. आम्हाला बोलायचे आहे ते त्या नावाखाली उभ्या असलेल्या घरांविषयी आणि त्या घरांना जगवणाऱ्या पाण्याविषयी. नगरचा किल्ला सर्वांना ठाऊक आहे. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू आणि मौलाना आझाद तिथे कैदेत होते. नेहरूंचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ आणि मौलानांचा ‘गुबार-ए-खातिर’ तिथेच लिहिला गेला. पण किल्ल्यापासून जेमतेम मैलभराच्या आत जे शहर पाचशे वर्षे नांदते आहे, त्या शहराच्या गल्ल्यांवर फारसे कोणी लिहीत नाही.

बागेतून उगवलेले शहर

नगरची सुरुवात एका लढाईपासून होते. बहामनी सल्तनत मोडकळीस आली होती. जुन्नरचा सरदार मलिक अहमद याच्यावर बिदरहून फौज चालून आली आणि २८ मे १४९० रोजी सीना नदीच्या परिसरात भिंगारजवळ मलिक अहमदने तिचा पराभव केला. जिथे विजय मिळाला तिथे त्याने बाग लावली. पुढे त्याला दौलताबाद जिंकायचे होते. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्यावर, फौजेला सोयीचे असे ठाणे त्याला हवे होते. त्याच बागेच्या शेजारी, सीनेच्या डाव्या काठावर १४९४ मध्ये त्याने शहराचा पाया घातला. अहमद निजामशहाचे हे शहर थोड्याच वर्षांत इतके भरभराटीला आले की इतिहासकार फरिश्ता त्याची तुलना बगदाद आणि कैरोशी करतो. फरिश्त्याचे बालपण आणि तारुण्य नगरमध्येच गेले होते, त्यामुळे त्याच्या लिहिण्यात आपल्या गावाविषयीचा अभिमानही असणार.

या राजघराण्याची मुळे आपल्याच मातीतली होती, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे असे आहे. अहमदचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण. विजयनगरच्या स्वारीत तो लहानपणी बहामनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि कर्तबगारीवर वजीर झाला. त्याच्या पूर्वजांचे गाव परभणीजवळचे पाथरी. पुढे बुऱ्हाण निजामशहाने हे पाथरी आपल्या राज्यात घेण्यासाठी शेजाऱ्याशी लढाई केली, कारण तिथे त्याच्या पूर्वजांचे कुलकर्णीपद होते. राज्य मोठे झाले तरी गाव सुटले नाही, ही ओढ कोणत्याही मराठी माणसाला समजेल.

फरिश्ता अहमद निजामशहाविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. शहरातून घोड्यावर जाताना हा सुलतान उजवीकडे-डावीकडे पाहत नसे. एकाने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की स्वारी पाहायला बायकाही येतात, परक्या स्त्रीवर नजर पडू नये म्हणून मी समोर पाहतो. राजाने नजर खाली ठेवावी आणि रस्त्याकडेच्या घरात राहणाऱ्या बाईला संकोच वाटू नये, ही अदब जुन्या नगरच्या घरांच्या बांधणीतही दिसते. त्याकडे आपण पुढे येऊच. त्याआधी पाण्याचे पाहू.

कमी पावसाच्या गावाला पाणी कुठून आले?

नगर हा पर्जन्यछायेतला मुलूख. सह्याद्री ढगांचे पाणी आधीच घेतो आणि इकडे वर्षाकाठी साधारण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही एखाद्या वर्षी पाठ फिरवतो. सीना ही पावसाळी नदी. राजधानीइतकी माणसे, घोडे, उंट, हत्ती आणि बागा एवढ्या पाण्यावर जगणे शक्य नव्हते. तरीही हे शहर बागांसाठी नावाजले गेले. हे साधले ते जमिनीखालच्या नळांमुळे.

शहराभोवतीच्या उंच भागातील कापूरवाडी, वडगाव, भिंगार, शहापूर अशा गावांच्या शिवारात पाणी साठवले किंवा विहिरीत धरले जाई. तिथून भाजलेल्या मातीच्या नळातून किंवा चुन्याने बांधलेल्या बंद पाटातून ते शहराकडे येई. याला लोक खापरी नळ म्हणत. पंप नाही, रहाट नाही. वरून खाली येणाऱ्या उताराच्या बळावर पाणी कोसभर चालत येई. उतार जास्त झाला तर नळ फुटतो आणि कमी झाला तर गाळ बसतो. म्हणून हे काम नजरेच्या आणि मापाच्या पक्क्या माणसांचेच होते. ठरावीक अंतरावर नळाला वर तोंडे ठेवलेली असत. तिथून कोंडलेली हवा निघून जाई आणि आत उतरून गाळ काढता येई. जमिनीखालून आल्याने पाणी उन्हाने आटत नसे, थंड राही आणि वेढ्याच्या काळात शत्रूच्या नजरेस सहज पडत नसे.

शहरात आल्यावर हे पाणी हौदांत पडे. मशिदीचा हौद वुजूसाठी, हवेलीचा हौद घरच्यांसाठी, रस्त्यावरचा हौद येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी आणि जनावरांसाठी. ज्यांच्या घरापर्यंत नळ पोहोचत नसे त्यांना भिस्ती पाणी आणून देई. भिस्ती हा शब्द फारसीतल्या ‘बेहेश्त’ म्हणजे जन्नत या शब्दावरून आला. तहानलेल्याला पाणी देणारा तो जन्नतचा माणूस, असा त्यातला भाव. नगरच्या सावेडीकडे आज ‘भिस्तबाग’ म्हणून जो परिसर ओळखला जातो त्याचेही मूळ तेच. अहमद निजामशहाच्या काळात १५०६ च्या सुमारास तिथे बाग आणि तलाव झाला, तलावाच्या मधोमध अष्टकोनी महाल उभा राहिला आणि पुढे ती बाग ‘हश्त-बेहेश्त’, म्हणजे आठ स्वर्ग, या नावाने ओळखली जाऊ लागली. आज तिथे कॉलन्या आहेत, दुकाने आहेत, रिक्षाथांबा आहे. भिस्तबागेला जायचे म्हणून रिक्षात बसणारा माणूस रोज जन्नतचे नाव घेतो, पण त्याला ते माहीत नसते.

पाण्याच्या कामात सर्वांत मोठे नाव सलाबतखानाचे. मूर्तजा निजामशहाच्या काळात तो वजीर होता. शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर भातोडी येथे त्याने तलाव बांधला. नगरच्या दक्षिणेकडील फराहबागेचा महाल १५८३ मध्ये पूर्ण झाला तोही त्याच्याच देखरेखीखाली. हासुद्धा अष्टकोनी आणि पाण्याच्या मध्ये उभा. शहराच्या पूर्वेला शहाडोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी इमारत दुरून दिसते, ती लोक चांदबीबीचा महाल म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे. ज्याने गावाला पाणी पाजले त्याच्या कबरीला गावाने आपल्या लाडक्या राणीचे नाव दिले.

भातोडीच्या तलावाशी आणखी एक आठवण जोडलेली आहे. १६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र होऊन निजामशाहीवर चालून आल्या तेव्हा मलिक अंबरने या तलावाचे पाणी सोडून त्यांची छावणी चिखलात रुतवली आणि लढाई जिंकली. त्या लढाईत निजामशाहीच्या बाजूने लढताना शरीफजी भोसले कामी आले. शिवाजी महाराजांचे ते चुलते. त्यांची आणि शहाजीराजांची नावे मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ या अवलियाच्या नावावरून ठेवली होती. त्या शाह शरीफांचा दर्गा आजही दर्गा दायरा या वस्तीत आहे. दर्गा, तलाव, भोसल्यांचे घराणे आणि हबशी वजीर हे सारे एका धाग्यात येते, आणि तो धागा नगरच्या मोहल्ल्यांतून जातो.

मलिक अंबरनेच खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवताना १६१७ च्या सुमारास नहर-ए-अंबरी बांधली. तिचे कौतुक सर्वत्र होते आणि ते योग्यच आहे. पण अंबर ऐन तारुण्यात गुलाम म्हणून आला तो नगरला, वजीर चंगीझखानाच्या घरी. जमिनीखालून येणारे पाणी त्याने आधी नगरच्या गल्ल्यांत पाहिले होते.

मोहल्ला कसा बसे

निजामशाहीचे नगर एका आखणीने सरळ रेघा मारून वसवलेले नाही. बादशहा जागा देई, सरदार तिथे हवेली बांधी, मशीद उभारी, पाण्याची सोय करी आणि मग त्याच्या आश्रयाने शिपाई, कारागीर, नोकरचाकर घरे बांधत. ‘पुरा’ शेवटी असलेली नावे या पद्धतीची आठवण देतात. म्हणून जुन्या नगरमध्ये गल्ली वाकडी जाते, मध्येच मशिदीपाशी रुंद होते आणि पुढे पुन्हा अरुंद होते. रुंद जागेचे कारण शोधले की बहुधा हौद, विहीर किंवा हवेलीचा दरवाजा निघतो. मोहल्ल्याचा मधला बिंदू पाणी होता आणि त्याच्याशेजारी सिजद्याची जागा.

मशिदी आकाराने मोठ्या नाहीत. नगरचा काळा पाषाण कठीण, पण कसबी बेलदाराच्या हाताखाली तो लाकडासारखा कोरला जातो. किल्ल्याजवळची दमडी मशीद १५६७ ची, साहिरखान या सरदाराने बांधलेली. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी काढून ती उभारली, असे लोक सांगतात आणि नाव त्यावरूनच पडल्याचे मानतात. मशीद इतकी छोटी की पाच-सहा सफांत भरावी, पण तिच्या दगडातले कोरीव काम पाहायला लोक लांबून येतात. आख्यायिका खरी असो वा नसो, मजुराची दमडीही अल्लाहच्या घराला लागते ही श्रद्धा तिच्यात आहे, म्हणून ती टिकली.

नगरच्या कारागिरीची दुसरी साक्ष नगरात नाहीच. विजापूरची प्रसिद्ध मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने नगरला ओतली. तोफेच्या या उस्तादाला नगर रूमीखान म्हणून ओळखते. पन्नास टनांच्या वर वजन असलेली ही तोफ ज्या गावात ओतली गेली, तिथे भट्ट्या, कोळसा, धातू आणि हुन्नर असलेली किती माणसे राहत असतील? ती कुठे राहिली, तर याच गल्ल्यांत.

घराचा आतला भाग

आता घराकडे येऊ. जुन्या नगरमध्ये उरलेले वाडे बहुतेक पेशवाई आणि इंग्रजी अमदानीतले, पण बांधणीची रीत त्याहून जुनी. जोते काळ्या दगडाचे, कमरेइतके. त्यावर पांढऱ्या मातीच्या किंवा विटा-चुन्याच्या हातभर-दोन हात जाडीच्या भिंती. भार पेलायला सागवानी खांब आणि तुळया. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. घर मोजायचे ते खणांत. वर कडीपाट आणि त्यावर पांढरी माती चोपून केलेले माळवद. जाड भिंतीमुळे उन्हाळ्यात दुपारी आत गारवा आणि थंडीत ऊब. भिंतीतच कोनाडे, कपाटे आणि धान्याची बळदे.

रस्त्यावरून दिसतो तो एक दरवाजा, त्यातच छोटी दिंडी. आत देवडी. देवडीत दोन बाजूंना ओटे, तिथे आलेला परका माणूस बसे. देवडीतून चौकात जायचे तर वळून जावे लागे, म्हणजे दार सताड उघडे असले तरी रस्त्यावरच्या माणसाला आतला चौक दिसत नसे. अहमद निजामशहाची ती नजर आठवा. रस्त्याने जाणाऱ्याने पाहू नये आणि घराने त्याला पाहण्याची संधी देऊ नये, दोन्हीकडून मर्यादा. ही रचना मुसलमानांच्या घरात जशी आढळते तशीच मारवाडी, ब्राह्मण, मराठा वाड्यांतही आढळते. पडदा हा केवळ आपल्याच घराचा विषय होता, असे समजणाऱ्यांनी जुन्या नगरचे वाडे आतून पाहावेत.

आतला चौक वरून मोकळा. बायकांना उन्हात बसून वाळवणे घालायला, मुलांना खेळायला, रात्री अंथरूण टाकायला हक्काचे आकाश. चौकात आड किंवा छोटा हौद. माळवदावर पडणारे पावसाचे पाणी पन्हाळ्यातून खाली येई. घरात कितीही माणसे असोत, लग्नाचा मांडव आणि जनाजा दोन्ही याच चौकातून उठत. आजच्या फ्लॅटमध्ये सोय पुष्कळ आहे, पण हा चौक नाही. घरातल्या बायकांना कोणाच्या नजरेत न येता उघड्यावर बसता येईल अशी जागा नाही. नवे घर बांधताना ज्यांची थोडीफार जागा आहे त्यांनी तरी याचा विचार करावा.

ज्यांना तटबंदी नव्हती

शहराच्या इतिहासात एक दुःखाचे पानही आहे. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा शाहजादा मुराद नगरवर चालून आला. किल्ल्यात हुसेन निजामशहाची मुलगी चांदबीबी होती. सुरुंगाने तट उडाला तेव्हा तिने रातोरात भगदाड बुजवून घेतले आणि शेवटी १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह केला. हे आपण शाळेत शिकलो. पण किल्ल्याबाहेरच्या वस्तीचे काय झाले? मुरादने शहरवासीयांना अभय दिले होते. त्या शब्दावर विसंबून लोक आपापल्या घरी राहिले. तरीही शाहबाजखान या मुघल सरदाराने बारा इमामांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तीवर हात टाकला. तिथले बहुसंख्य लोक शिया होते, हेच त्यांचे पाप. लुटालूट झाली, माणसे मारली गेली, उरलेली गाव सोडून गेली. मुराद चिडला, काहींना शिक्षा झाली, पण गेलेला विश्वास परत आला नाही.

मुसलमानाने मुसलमानाला पंथावरून लुटले, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. शेजाऱ्याच्या अकीद्यावरून त्याच्या घराची किंमत ठरवली की मोहल्ला उजाड होतो, हा धडा नगरने चारशे वर्षांपूर्वी शिकला.

ती वस्ती म्हणजे कोठला. बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिर या विद्वानाच्या सांगण्यावरून १५३७ मध्ये तिथे मशीद, मदरसा आणि गोरगरिबांसाठी लंगर सुरू केले. शिक्षण, नमाज आणि भाकरी एकाच आवारात. आजही कोठला थोरल्या बारा इमामांचे आणि मंगलगेटची हवेली धाकट्या बारा इमामांचे ठिकाण मानली जाते. मोहरमची सवारी जुन्या शहरातून निघते तेव्हा खांदा द्यायला आणि दर्शनाला हिंदू घरांतील माणसे मोठ्या संख्येने असतात. मोहरमच्या या प्रथांविषयी आपल्यात वेगवेगळी मते आहेत आणि ती राहतील. पण जी वस्ती एकदा लुटली गेली तिच्याच अंगणात सारे गाव येऊन उभे राहते, हे नगरच्या शेजारधर्माचे बळ आहे.

काय चालले आहे आणि काय राहू शकते

१६०० मध्ये किल्ला मुघलांनी घेतला, १६३६ मध्ये निजामशाही संपली, १७०७ मध्ये बादशहा औरंगजेबाने भिंगारला शेवटचा श्वास घेतला, १७५९ मध्ये किल्ला पेशव्यांकडे आला आणि १८०३ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला. राज्ये बदलली तरी मोहल्ले चालू राहिले. त्यांना खरा धक्का बसला तो नळाचे पाणी दुसरीकडून येऊ लागल्यावर. आज नगर मुळा धरणाचे उपसलेले पाणी पिते. घराघरांत तोटी आली ही चांगलीच गोष्ट. बायकांचा पाण्याच्या रांगेतला वेळ वाचला. पण तोटी आल्यावर आड बुजले, हौदांत कचरा पडला, खापरी नळांवर पाये खोदले गेले. पाणी सर्वांचे होते तोवर सगळे मिळून गाळ काढत. पाणी पालिकेचे झाल्यावर गाळ कोणाचाच राहिला नाही.

घरांचेही तसेच. वाटण्या झाल्या, एका वाड्याच्या पाच भिंती झाल्या, दुरुस्ती परवडेना, मग वाडा पाडून इमारत. कोणाला दोष द्यायचा? गळक्या माळवदाखाली पावसाळा काढणाऱ्या कुटुंबाला वारसा जपण्याचा उपदेश करणे सोपे आहे. आम्हाला तो करायचा नाही. पण चार गोष्टी कोणालाही जमण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट दुरुस्तीची. माती-चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. अशी भिंत ओल घेते आणि सोडते; सिमेंटने तिचा श्वास बंद होतो, ओल आत कोंडते आणि लाकूड कुजते. चुन्याचे काम जाणणारे गवंडी अजून मिळतात, आणि पूर्ण वाडा पाडण्यापेक्षा दोन खणांची दुरुस्ती बहुधा स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट कायद्याची. जुन्या नगरमध्ये काही वास्तू केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. त्यामुळे आसपासची कुटुंबे हवालदिल होतात आणि कोणी तरी ‘सेटिंग’ करून देतो म्हणत पैसे काढतो. पण १०० मीटरच्या आतही १६ जून १९९२ पूर्वीपासून असलेल्या घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण रीतसर परवानगी घेऊन करता येते. त्यासाठी घर त्या तारखेआधीचे आहे हे दाखवणारे कागद लागतात: जुनी घरपट्टी, वीजबिल, सिटी सर्व्हेचा उतारा, खरेदीखत. हे कागद आजच शोधून एका पिशवीत ठेवा. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या विश्वस्तांनीही वक्फच्या नोंदी आणि मोजणीचे नकाशे तपासून ठेवावेत.

तिसरी गोष्ट पाण्याची. ज्यांच्या अंगणात आड किंवा मशिदीच्या आवारात जुनी विहीर आहे त्यांनी ती बुजवू नये. हजार चौरस फुटांच्या छतावर नगरच्या सर्वसाधारण पावसात वर्षाला पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी पडते. गळती-वाफ वजा जाता चाळीस हजार लिटर तरी आडात सोडता येते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर काढून, वाळू-खडीच्या गाळणीतून उरलेले आत सोडायचे, एवढेच. एका मोहल्ल्यातील वीस घरांनी हे केले तर उन्हाळ्यात मशिदीची विहीर वुजूपुरते पाणी देऊ शकेल.

चौथी गोष्ट आठवणीची. घर पाडायचेच असेल तर आधी त्याचे फोटो काढा, खण मोजा, दरवाजावर वर्ष कोरलेले असेल तर टिपून ठेवा. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला विचारा की नळ कुठून येत होता, भिस्ती कोण होता, विहीर कोणी खोदली. ही माहिती पुरुषांपेक्षा बायकांना जास्त असते, कारण पाणी त्यांनी भरलेले असते. मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम द्या. गणिताचा आणि इतिहासाचा दोन्ही अभ्यास होईल.

हजरत साद बिन उबादा (रजि.) यांच्या आईचा इंतकाल झाला तेव्हा तिच्या नावे कोणता सदका उत्तम, असे त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. पाणी, असे उत्तर मिळाले. साद यांनी विहीर खोदली आणि ती आईच्या नावे केली. मदीनेतली रूमाची विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सर्वांना खुली केली. सलाबतखानाचा तलाव याच परंपरेतला. आणि ज्यांचे नाव आज या जिल्ह्याला आहे त्या अहिल्याबाईंनीही देशभर घाट, विहिरी आणि बारवा बांधल्या. भातोडीच्या तलावाचे पाणी पिणाऱ्याने आणि चौंडीच्या लेकीच्या बारवेवर तहान भागवणाऱ्याने बांधणाऱ्याचा धर्म विचारला नव्हता. नगरच्या जुन्या मोहल्ल्यांतील लोकांनी आपली उरलेली एखादी जरी विहीर साफ केली, तरी दोन्ही नावांचा मान राखल्यासारखे होईल. पावसाळ्याआधी गाळ काढायला सहा-सात तरुण, दोन दोर आणि चार घमेली पुरेशी आहेत. एका रविवारी सकाळी फजरनंतर सुरुवात केली तर जोहरपर्यंत काम उरकते.